भाड्याच्या घरापासून आजोळापर्यंत: बाळासाठी सोबत नेता येईल असं सेफ्टी गेट कसं डिझाइन करायचं

तीन वर्षांपूर्वी गणपतीला आम्ही सगळे गावी गेलो होतो, चिपळूणजवळ. भावाची मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची, नुकतीच चालायला लागलेली, म्हणजे हाताला लागेल ते धरून उभं राहायचं आणि गदागदा हलवायचं हा तिचा दिवसभराचा उद्योग. वहिनीने पुण्याच्या फ्लॅटमधलं सेफ्टी गेट गाडीत टाकून आणलं होतं, ते दोन्ही बाजूंचे रबरी गोळे फिरवून दारात दाबून बसवतात ना, तसलं, ड्रिल नको काही नको. स्वयंपाकघराच्या दाराला लावलं, मी स्वतः हलवून बघितलं, घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोदकांची गडबड चालू आणि मागून धप्पकन आवाज. गेट आडवं पडलेलं आणि त्याच्यावर पोर. ओठ फुटला, बाकी काही नाही, पण तिथून दोन हातांवर उकडीचं पातेलं जमिनीवर उतरवून ठेवलेलं होतं. ते दोन हातांचं अंतर अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतर बघितलं तर रबर जिथे टेकलं होतं तिथे भिंतीवर गोल चट्टा आणि खाली चुन्याची पांढरी भुकटी. पुण्यात पुट्टी आणि ऑइलपेंटच्या भिंतीवर जे गेट वर्षभर हललं नव्हतं ते इथे एका रात्रीत सैल झालं, आणि सैल झालंय हे त्या गेटने कुणालाच कळू दिलं नाही.

मी प्रॉडक्ट डिझाइनचं काम करते, भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपबरोबर, आणि त्या गणपतीनंतरचा माझा बराचसा वेळ याच एका वस्तूवर गेला. आता बरेच जण, त्यात शिकत असलेली मुलं आणि घरात बाळ असलेल्या आयाही, विचारतात की असं काही बनवायचं तर सुरुवात कुठून करू. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय. उदाहरण गेटचं आहे पण बादलीचं झाकण, कपाटाची कडी, कोपऱ्याचं कव्हर, काहीही करा, रस्ता साधारण हाच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. भिंतीत स्क्रू मारलेली वस्तू एक माणूस एकदा नीट बसवतो आणि विषय संपतो. सोबत न्यायची वस्तू दर वेळी नव्याने बसवली जाते, वेगळ्या घरात, वेगळ्या भिंतीवर, प्रवासाने दमलेल्या माणसाकडून, तेही एका कडेवर बाळ घेऊन. म्हणजे ती कधी ना कधी चुकीची बसणारच आहे. तुमचं खरं काम हे की चुकीची बसली तर ते लगेच दिसलं पाहिजे, किंवा त्याहून चांगलं म्हणजे चुकीची बसताच येऊ नये. चुकीचं बसलेलं गेट हे गेट नसण्यापेक्षा वाईट, कारण गेट नसताना आईचं लक्ष असतं.

पायरी १: एकच धोका, एकच वय, एकच जागा

"मुलांच्या सुरक्षेसाठी काहीतरी" असं ठरवून बसलात तर वर्षभर फक्त स्केच काढाल. एक वाक्य लिहा आणि भिंतीवर चिकटवा. आमचं वाक्य होतं: सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या बाळाला सपाट जमिनीवरच्या दारातून स्वयंपाकघरात जाण्यापासून थांबवायचं. यात जिना नाही, बाल्कनी नाही, तीन वर्षांचं मूल नाही.

वय महत्त्वाचं कारण शरीर बदलतं. वर्षाचं मूल साधारण ७५ सेंटिमीटर उंच आणि नऊ-दहा किलोचं असतं, दोन वर्षांचं साधारण ८७ सेंटिमीटर आणि बारा किलो. उंची बारा सेंटिमीटरने वाढली असं वाटतं पण हात वर केल्यावरची पोच त्याहून जास्त वाढते, आणि मुख्य म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला चढणं समजलेलं असतं. वर्षाच्या मुलाचं डोकं बाकीच्या अंगाच्या मानाने खूप जड असतं, म्हणून ते पुढे वाकलं की डोक्यावर पडतं. बादलीत वाकलेलं मूल स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही ते यामुळेच, बादलीत पाणी वीतभर का असेना. (मोरीतल्या बादलीसाठी घट्ट बसणारं आणि सोबत नेता येणारं झाकण कुणी नीट डिझाइन केलं तर मला मनापासून आनंद होईल, आपल्याकडे घरोघरी ही गरज आहे आणि तिकडे फार कमी लोक बघतात.)

पायरी २: घरं बघा, जमिनीवर बसून

कागदावर काही काढायच्या आधी कमीत कमी पंधरा-वीस घरं बघा. नातेवाईक, मैत्रिणी, कामाच्या मावशी, गावाकडचं घर, चाळ, नवा टॉवर, सगळं. टेप न्या, फोन न्या आणि प्रत्येक घरात दहा मिनिटं बाळाच्या उंचीवर बसा, म्हणजे खरंच फरशीवर. तिथून ओट्याच्या कडेवरून लोंबणारी मिक्सरची वायर दिसते, सिलेंडरची नळी दिसते, देवघरातलं निरांजन दिसतं. उभं राहून यातलं काही दिसत नाही.

दाराची रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. जुन्या घरांच्या चौकटी सरळ नसतात, खाली आणि वर सहज एक-दोन सेंटिमीटरचा फरक सापडतो, आणि दाबून बसणाऱ्या गेटला तेवढा फरक खूप झाला. रुंदी कुठे अडीच फूट, कुठे साडेतीन, आणि नव्या फ्लॅटमध्ये तर स्वयंपाकघराला दारच नाही, नुसती मोकळी कमान. उंबरठा आहे का, किती उंच, लाकडी की ग्रॅनाइटची पट्टी, हेही लिहा. भिंतीला हात लावून बघा.

आणि माणसं बघा. ही आमची सगळ्यात मोठी शिकवण होती. बाजारातल्या बऱ्याच गेटांना खाली एक आडवी दांडी असते, गेट उघडलं तरी ती दांडी जमिनीवर तशीच राहते. एका घरात मी आजींना बघत होते, हातात गरम आमटीचं पातेलं, दोन्ही हातांत पकडी, पायाखाली उंबरठा तो वर्षानुवर्षांच्या सवयीने ओलांडला, आणि त्याच्या लगेच पुढे ती दांडी. त्या अडखळल्या, सावरल्या, आमटी थोडी सांडली. उंबरठा पायाला पाठ असतो, दांडी नसते. त्या दिवशी आम्ही खालची दांडी रद्द केली, त्याची किंमत पुढे सगळ्या डिझाइनमध्ये मोजावी लागली पण ती मोजलीच पाहिजे होती.

पायरी ३: दुसऱ्यांचं काय चुकलं ते वाचा

सुरक्षेच्या वस्तूंनीच धोका तयार केल्याची उदाहरणं अभ्यासा, यातून जेवढं शिकायला मिळतं तेवढं कशातून नाही.

सॉकेटची प्लास्टिकची झाकणं घ्या. ब्रिटनमध्ये सॉकेटच्या आत आधीपासून शटर असतं, अर्थची लांब पिन आत गेल्याशिवाय बाकीची दोन भोकं उघडतच नाहीत. बाहेरून घातलेल्या झाकणांची मापं नीट नसतील तर आतले संपर्क फाकतात, आणि झाकण उलटं घातलं तर त्याच्याच पिनने शटर उघडं राहू शकतं. शेवटी २०१६ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने ही झाकणं वापरू नका, असतील ती काढा असं पत्रक काढलं. आपल्याकडे आयएस १२९३ या भारतीय मानकाप्रमाणे बनलेल्या तीन पिनी सॉकेटलाही शटर असतं. ६ अँपियरच्या सॉकेटच्या दोन पिना साधारण ५ मिलिमीटरच्या आणि अर्थची ७ मिलिमीटरची, १६ अँपियरला सगळंच जाड, मग "सगळ्या सॉकेटला चालेल" असं लिहिलेलं झाकण नेमकं कुठल्या भोकात नीट बसणार? म्हणून कुणी सॉकेट कव्हर करायचं म्हणलं की मी आधी विचारते, शटर असलेलं सॉकेट बसवून घेण्यापेक्षा तुमचं कव्हर चांगलं कसं ते सांग.

दुसरं उदाहरण आयकिया या फर्निचर कंपनीच्या ड्रॉवरच्या कपाटांचं. अमेरिकेत मुलं ड्रॉवर उघडून त्यावर चढली, कपाटं अंगावर पडली, मुलं गेली, आणि २०१६ मध्ये जवळजवळ २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलवावी लागली. भिंतीला बांधायचा पट्टा कपाटाबरोबर मिळत होता. पण असंख्य घरांत तो बांधलाच जात नाही, भाड्याच्या घरात भोक पाडलं तर डिपॉझिट कापतात, कुणाकडे ड्रिल नसतं, कुणी नंतर करू म्हणतं. २०२२ मध्ये तिथे कायदा झाला की कपाट मुळातच स्थिर हवं. ग्राहकाने अमुक एक काम केलं तरच वस्तू सुरक्षित, असं तुमचं गणित असेल तर ते काम बरेच लोक करणार नाहीत असं धरूनच चाला.

पायरी ४: पुठ्ठा, पीव्हीसी पाइप आणि मग आकडे

पहिला नमुना कॉम्प्युटरवर करू नका. पुठ्ठा, अर्धा इंची पीव्हीसी पाइप, जुनी मच्छरदाणी, एवढ्यात करा. आम्ही तसे अकरा केले. घरी दारात ठेवायचा आणि दिवसभर त्याच्यासोबत राहायचं, एवढंच. तिसऱ्या दिवशीच कळलं की दोन हातांनी उघडावं लागणारं गेट आम्ही मोठी माणसं ओलांडूनच जातो, आणि ओलांडताना पाय अडकतो.

मग आकडे. परदेशातली बरीच मानकं विकत घेतल्याशिवाय पूर्ण वाचता येत नाहीत पण मुख्य गोष्टी माहीत हव्यात. गेटसाठी अमेरिकेचं मानक एएसटीएम एफ१००४, युरोपचं ईएन १९३०. अमेरिकन मानकात गेटची उंची कमीत कमी २२ इंच म्हणजे ५६ सेंटिमीटर हवी, आणि गेटला मध्यभागी आणि चार कोपऱ्यांत ढकललं तर ३० पौंडापर्यंत, म्हणजे साधारण साडेतेरा किलोपर्यंत, ते जागेवरून निसटता कामा नये. २०२१ पासून तिथे हे सगळं कायद्याने सक्तीचं आहे, आणि भिंतीला आधाराच्या वाट्या (कप) न लावता नुसत्या दाबावर बसणाऱ्या गेटला दाब पुरेसा आहे का हे डोळ्यांना दिसेल अशी खूणही लागते. हे वाचलं तेव्हा मला चिपळूणचं दार आठवलं.

आता या साडेतेरा किलोचा अर्थ लावा. गेट घर्षणावर टिकतं. रबर आणि चांगल्या रंगाची भिंत यांच्यात घर्षणाचा गुणांक ०.५ धरला तर एका कोपऱ्यातल्या पॅडने, म्हणजे भिंतीला टेकणाऱ्या रबराने, साडेतेरा किलो सहन करायला त्या पॅडवर किमान २७ किलोचा दाब हवा. भिंत भुकटी सोडणारी असेल आणि गुणांक ०.२५ वर आला तर तोच दाब ५४ किलो लागतो, आणि एवढ्या दाबाने जुना गिलावा आतच दबतो, मग दाब कमी होतो, मग गेट सैल. चिपळूणच्या गेटचं तेच झालं होतं.

अजून काही मापं, ही भिंतीवर लिहून ठेवा:

बोटं अडकणं: हलणाऱ्या भागांमधली फट ५ मिलिमीटरपेक्षा कमी तरी हवी किंवा १२ पेक्षा जास्त तरी, मधली नको. आणि ही फट उघडताना-मिटताना प्रत्येक क्षणी मोजायची, नुसती बंद असताना नाही.

डोकं अडकणं: बाळाचं अंग पायाकडून आत सरकतं आणि डोकं अडकतं, म्हणून गेटखालची आणि बाजूची फट फार जपून. जिन्याच्या कठड्यांना बऱ्याच देशांत १०० मिलिमीटरचा गोळा आरपार जाता कामा नये असा नियम असतो. आम्ही गेटखाली ५० च्या वर जायचं नाही असं ठरवलं.

गिळणं: ३१.७ मिलिमीटर व्यासाचा एक दंडगोल असतो, आत तिरका तळ, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१. तुमच्या वस्तूचा सुटा किंवा तुटून सुटलेला कुठलाही तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला तर तीन वर्षांखालच्या मुलासाठी तो बाद. लेथवर काम करणाऱ्या आमच्या टर्नरने नायलॉनच्या दांड्यातून तो कोरून दिला, तेव्हापासून तो टेबलावरच असतो. पहिल्या नमुन्यातलं पॅडचं टोपण त्यात टुपकन गेलं, आणि तिथेच ते डिझाइन संपलं.

चढणं: आडव्या पट्ट्या म्हणजे शिडी. जाळी वापरली तरी भोकात पायाचा अंगठा शिरला की शिडीच. आमच्या जाळीची भोकं ३ मिलिमीटर.

दोरी: लहान मुलांच्या खेळण्यांत, दीड वर्षाखालच्यांसाठी, मोकळी दोरी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाही. गेट खेळणं नाही पण बाळाला ते माहीत नाही, म्हणून पिशवीची नाडी सुद्धा आम्ही काढली आणि वेल्क्रो लावलं.

अलार्म वगैरे घालायचा विचार असेल तर बटण सेल घालण्यापूर्वी शंभरदा विचार करा. सीआर२०३२ सारखा २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतो. घालायचाच असेल तर झाकणाला स्क्रू हवा, आणि तो झाकणातून सुटून न पडणारा. तसंच ताकदवान चुंबकाच्या किल्लीने उघडणाऱ्या कपाटाच्या कड्या, किल्ली फुटली आणि दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना खेचतात, हे विसरू नका.

पायरी ५: चुकीचं बसूच नये यासाठी काय करायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आमचं शेवटी असं ठरलं: एकात एक सरकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दोन चौकटी, मध्ये जाळी, बाजूला चार पॅड, वर एक मोठा खटका. रुंदी जुळवायची, खटका दाबायचा, आतल्या स्प्रिंगा दबतात आणि गेट बसतं. काढताना पूर्ण गेट एका हाताने उचलून बाजूला, खाली दांडी नाही.

स्प्रिंगा का, तर गिलावा थोडा दबला तरी पॅड मागोमाग सरकतो, स्क्रूच्या गोळ्यासारखा सैल सुटत नाही. आणि मुख्य गोष्ट, स्प्रिंग ठराविक अंतर दबल्याशिवाय खटका लॉकच होत नाही, परत वर येतो. म्हणजे अर्धवट बसवलेलं गेट उभंच राहत नाही, हातातून पडतं, आणि जे पडतं ते आईच्या समोर पडतं, बाळाच्या अंगावर नाही. सोबत हिरवी पट्टी आहे खिडकीत, दाब उतरला की लाल दिसते. पण रात्री लोडशेडिंगमध्ये रंग कुणाला दिसणार, म्हणून खटक्यावरच माझा भरवसा जास्त.

पॅडचं बोलायचं तर एक शोध आम्हाला सुताराने लावून दिला. आपल्याकडच्या लाकडी चौकटीला दार टेकायला खाच असते. पॅडला एक कड काढून ती या खाचेत बसवली तर बाळाने ढकललं तरी पॅड लाकडाच्या पायरीला अडतो, मग घर्षणाचं गणित दुय्यम होतं. अट एवढीच की बाळाची बाजू बरोबर हवी, कारण खाच एकाच दिशेला असते, उलट्या बाजूने ढकललं तर तिचा उपयोग नाही. म्हणून पॅडवर बाळाचं चित्र कोरलंय, ते चित्र बाळ ज्या बाजूला असणार तिकडे यायला हवं.

सुटे भाग जेवढे जास्त तेवढ्या चुका जास्त. आमचा एक नमुना मस्त घडी होऊन एसटीच्या सीटखाली मावायचा, पण त्यात सात सुटे तुकडे होते आणि एका घरात परतीच्या प्रवासात एक पॅड आजोळीच राहिला. त्यांनी तीन पॅडवर गेट लावलं. आता काहीही सुटं होत नाही, घडी थोडी मोठी होते, वजन दोन किलोच्या आसपास, आणि मला ते मान्य आहे.

पायरी ६: माल

थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचा नमुना करून गावी पाठवू नका, ५५-६० अंशांना तो मऊ पडतो आणि मे महिन्यात उन्हातल्या बंद गाडीत तेवढं सहज होतं. मांडणी बघण्यापुरता पीएलए ठीक, ताकद तपासायला नाही. अॅल्युमिनियम उघडं ठेवू नका, हात काळे होतात आणि बाळ वरची दांडी चावतं, चावतंच, दात येत असतात. पावडर कोटिंग करा आणि कोटिंगवाल्याकडून पावडरीच्या शिशाचा रिपोर्ट मागा. घरच्या रंगांसाठी आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आहे, २०१७ पासून. काळं रबर भिंतीवर डाग सोडतं आणि भाड्याच्या घरात डाग म्हणजे घरमालकाशी भांडण, म्हणून राखाडी टीपीई (रबरासारखं मऊ प्लास्टिक) घेतलं आणि एप्रिल-मे दोन महिने रंगवलेल्या फळीवर दाबून खिडकीत ठेवलं, मगच पक्कं केलं.

पोलादी मोल्डवर लाखो रुपये घालण्याची घाई नको. आधी सिलिकॉनच्या साच्यातून व्हॅक्यूम कास्टिंग करून घ्या, एका साच्यातून वीस-पंचवीस पीस निघतात, तेवढे चाचण्यांना पुरतात. आमच्या गेटमध्ये मोल्डचे भाग फक्त दोन, खटका आणि पॅड, बाकी सगळं बाजारात मिळणाऱ्या पाइपातून कापलेलं.

पायरी ७: चाचणी, आणि बाळावर कधीच नाही

वस्तू टिकते का हे बाळ देऊन बघायचं नाही. त्यासाठी वाळूची पिशवी आणि सामान तोलायचा हुकवाला काटा पुरतो, दोन्ही स्वस्त. आम्ही सात फळ्या केल्या: पुट्टीवर ऑइलपेंट, डिस्टेंपर, चुना, डाडो टाइल, पॉलिश केलेलं सागवान, अॅल्युमिनियमची चौकट, आणि घासलेला दगड. प्रत्येकावर गेट लावायचं, पाच ठिकाणी काट्याने ओढायचं, आकडा लिहायचा, मग चोवीस तास ठेवून परत ओढायचं, मग पाचशे वेळा काढून-लावून परत. चुन्यावर आमचं गेट नापास झालं. स्प्रिंग, खटका, हिरवी पट्टी सगळं असून नापास, कारण पट्टी दाब दाखवते, घर्षण नाही. हे लपवायचं नाही, पुढच्या पायरीत त्याचं उत्तर आहे.

मोठ्या माणसांवर चाचणी मात्र भरपूर करा. औषधाच्या बाटलीची दाबून फिरवायची टोपणं कशी तपासतात ते बघा, कॅनडात विंडसरच्या एका डॉक्टरने, हेन्री ब्रॉ यांनी, १९६७ मध्ये तसं टोपण आणलं आणि १९७० मध्ये अमेरिकेने त्यासाठी कायदा केला. तिथे साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना रिकामी बाटली देतात, पाच मिनिटं उघडायला, मग उघडून दाखवतात आणि परत पाच मिनिटं, दात वापरले तरी चालेल असं सांगून. आणि तेच टोपण ५० ते ७० वर्षांच्या माणसांनाही उघडता यावं लागतं, नाहीतर नापास. ही दुसरी अर्धी चाचणी मला फार पटते. जे आजीला उघडता येत नाही ते आजी उघडंच ठेवते. आमचा खटका सुरुवातीला फार कडक होता, संधिवात असलेल्या एका काकूंना तो दबेना, त्यांनी गेट भिंतीला टेकवून ठेवलं होतं. खटक्याचा दांडा तीन सेंटिमीटरने लांब केला तेव्हा कुठे काम झालं.

पायरी ८: काय लिहायचं आणि कुठे

माहितीपत्रक पहिल्या प्रवासात हरवतं, त्यामुळे जीवनमरणाच्या गोष्टी वस्तूवरच छापा, मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रासह. आमच्या वरच्या दांडीवर फक्त दोन ओळी आहेत. पहिली: जिन्याच्या वरच्या टोकाला लावू नका. दाबावर बसणारं कुठलंच गेट तिथे लावायचं नाही, तिथे स्क्रूचंच हवं, यात तडजोड नाही. दुसरी: लावण्याआधी भिंतीवर तळहात फिरवा, हाताला पांढरं लागलं तर इथे लावू नका.

ही दुसरी ओळ सुचायला आम्हाला आठ महिने लागले. आधी "चुना, डिस्टेंपर, जुना गिलावा यांवर वापरू नये" असं होतं, पण आपल्या सासरच्या भिंतीला कुठला रंग आहे हे कुणाला माहीत असतं? तळहात सगळ्यांकडे असतो.

पायरी ९: कागदपत्रं

हे पटकन सांगते. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्यांची मुख्य मानकं म्हणजे आयएस ९८७३ ची मालिका. गेट खेळणं नाही, पण तुम्ही त्यावर फिरणारे मणी लावलेत तर ते खेळणं होतं, लावू नका. तरीही आयएस ९८७३ च्या पहिल्या भागातल्या चाचण्या मार्गदर्शक म्हणून वापरा. पाकिटावर एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर हे २०११ च्या वजनमापाच्या नियमांप्रमाणे लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणाऱ्याची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे, तो भाग वकिलासोबत बसून वाचा आणि विमा घ्या. नवीन काही शोधलं असेल तर लोकांना दाखवायच्या आधी तात्पुरता पेटंट अर्ज करा, पुढे पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात.

पायरी १०: विकल्यानंतर

प्रत्येक गेटवर बॅच नंबर कोरा, स्टिकर नको, बाळ ते सोलतं. कुठला बॅच कुणाकडे गेला याची वही ठेवा, कारण उद्या एका बॅचची स्प्रिंग खराब निघाली तर त्या प्रत्येक घरी फोन करता आला पाहिजे. पॅड दोन वर्षांनी बदलायचे, म्हणून पॅडच्या मागे वर्ष छापलंय आणि नवे पॅड आम्ही फुकट पाठवतो. त्यात पैसा जातो, जाऊ दे.

तक्रारीसाठी व्हॉट्सअॅप नंबर द्या, लोक फॉर्म भरत नाहीत पण फोटो पाठवतात. मध्यंतरी एका आईने नुसता तळहाताचा फोटो पाठवला, पांढराफटक, आणि खाली लिहिलेलं, "ताई, मग आता काय लावू?" दार जुन्या वाड्यातलं, भिंत चुन्याची, चौकटीची खाच उलट्या बाजूला. तिला आम्ही सांगितलं की या दाराला आमचं गेट लावू नका, पैसे परत करतो. सुताराला बोलवा, भिंत सोडून लाकडी चौकटीवर बिजागऱ्या आणि वरच्या बाजूला कडी लावून अर्ध्या उंचीचं दार करून घ्या, आडव्या पट्ट्या नकोत, खाली तीन बोटांपेक्षा जास्त फट नको. मापं आम्ही फोनवर काढून दिली.

चार दिवसांनी त्या दाराचा फोटो आला. सुताराने कडी आतल्या बाजूला, आईच्या कमरेच्या उंचीवर लावली होती. आता नव्या पाकिटात आम्ही त्या दाराचं मापांसकट चित्र घालतो, ज्यांच्या हाताला पांढरं लागेल त्यांच्यासाठी.